डोल, जवळा आणि वाळवण

मृगाच्या सरी पडूं लागल्या आणि बाजारांतील ताज्या मासळीची टोपली रिकामी झाली म्हणजे मुंबईकडील मत्स्याहारी घरांत फडताळाच्या मागच्या बाजूला ठेवलेली एक बरणी पुढें येते. तिचें झांकण उघडतांच शेजारच्या बिऱ्हाडाला वर्दी पोहोंचते. बरणींत सुका जवळा आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं. कांद्याबरोबर परतलेला जवळा, दोन आमसुलें आणि तांदळाची भाकरी एवढ्यावर आषाढांतील कित्येक जेवणें निघतात. ज्या घरांत मासळी वर्ज्य आहे त्या घरांचा जवळ्याशीं संबंध वासापुरता, आणि तोही तक्रारीच्या स्वरूपाचा. तथापि खाणारा काय किंवा नाक मुरडणारा काय, मूठभर जवळा बरणींत येण्यापूर्वीं चंद्राच्या कला, समुद्राचे प्रवाह, पुरुषांच्या पाठी आणि बायकांचे हात या चौघांनीं मिळून केवढें काम केलेलें असतें, याची कल्पना दोघांनाही सहसा नसते.

प्रथम नांवांचा घोळ निस्तरला पाहिजे. जवळा म्हणजे कोलंबीचीं पोरें, आणखी कांहीं महिने समुद्रांत राहिलीं असतीं तर तीं कोलंबी झालीं असतीं, असा समज सुशिक्षित मंडळींतही आढळतो. तो खरा नाहीं. जवळा ही स्वतंत्र जात असून पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी इंच-दीड इंचाच्या पुढें जात नाहीं. पाण्यांतून काढतांना तो कांचेसारखा पारदर्शक असतो. ताज्या जवळ्याच्या टोपलीकडे पाहिलें तर प्रथम दिसतात ते असंख्य काळे ठिपके, म्हणजे त्याचे डोळे. आंरी मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८३० सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें, त्यांत 'हिंदी' या अर्थाचें विशेषण जोडलेलें आहे. करंदी त्याहून मोठी. तिच्या डोक्यावर वर वळलेली, करवतीसारखे दांते असलेली लांब सोंड असते. करंदीची मादी आपलीं अंडीं पोटाखालच्या पायांना चिकटवून बरोबर बाळगते. जवळ्याची मादी तीं सरळ पाण्यांत सोडून देते. त्यामुळें पोटाखालीं अंड्यांचा पुंजका दिसला कीं तो जीव जवळ्याचा नव्हे, हें सूक्ष्मदर्शकाची मदत न घेतां टोपलीपाशींच ओळखतां येतें.

मुंबईच्या उत्तरेस व दक्षिणेस समुद्राला मिळणाऱ्या खाड्या आपल्याबरोबर गाळ आणि कुजलेला पालापाचोळा आणतात. चौपाटीवर फिरावयास गेलेला गृहस्थ या पाण्याला गढूळ म्हणून नांवें ठेवतो. परंतु याच गढूळपणावर जवळा पोसतो, आणि जवळ्यावर बोंबील पोसतो. लक्षावधि जीवांचे थवे करून तो वावरतो. स्वतःच्या बळावर मोठ्या प्रवाहाविरुद्ध पोहण्याची शक्ति त्याच्या अंगीं नाहीं; भरती नेईल तिकडे जावें आणि ओहोटी आणील तिकडे यावें असा त्याचा संसार. अशा जीवाच्या पाठीमागें होडी घेऊन धांवण्यांत अर्थ नाहीं. तो जेथून वाहत जाणार तेथें जाळें घेऊन उभें राहावें, हाच शहाणपणाचा मार्ग; आणि मुंबई, ठाणें, पालघर व रायगडच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळ्यांनीं पिढ्यान् पिढ्या तोच धरलेला आहे. त्यांच्या या जाळ्याचें नांव डोल.

डोल म्हणजे एक प्रचंड पिशवी. मोठ्या डोलीची लांबी १५० फुटांच्या आसपास भरते. तोंडाशीं ती ऐसपैस रुंद असते आणि मागें निमुळती होत होत शेवटीं बांधलेल्या खोळींत संपते. तोंडाजवळचे डोळे इतके मोठे कीं त्यांतून माणसाचा हात सहज आंत जावा. खोळीचे डोळे इतके बारीक कीं करंगळीचें टोंक अडावें. इंचभर जवळा तोंडाजवळच्या मोठ्या डोळ्यांतून निसटून कां जात नाहीं, असा प्रश्न येथें कोणाही विचारी माणसाला पडेल. उत्तर असें कीं, बारीक विणीचें जाळें सबंध प्रवाहाला आडवें धरलें तर पाण्याच्या रेट्यानें तें फाटेल किंवा उखडून जाईल. मोठे डोळे रेटा कमी करतात. आणि प्रवाहाबरोबर सरळ वाहत जाणारा जवळा बाजूला वळून पळ काढीत नाहीं, तो पाण्याबरोबर आंत आंत खोळीकडे ढकलला जातो. खाडीच्या तोंडाशीं वापरण्याच्या लहान डोलीला बोकशी म्हणतात. तत्त्व एकच.

हें जाळें उभें राहतें तें समुद्राच्या तळांत ठोकलेल्या खुंटांच्या आधारानें. खुंटांना बळकट दोर, दोरांना जाळ्याच्या तोंडाचे कोपरे, आणि तोंड उघडें राहावें म्हणून वरच्या कडेला तरंगणारीं पिंपें, अशी साधारण मांडणी. जाळें लावण्याच्या या ठिकाणाला कोळी 'कव' म्हणतात. कव कोणी कोठें मारावी, याचे निर्बंध कागदावर लिहिलेले नसत. परंतु कोळीवाड्याच्या परंपरेंत ते पक्के असत. अमक्या घराची कव अमक्या ठिकाणीं, तिच्या तोंडापुढें दुसऱ्यानें कव मारूं नये, कारण पुढच्यानें पाणी गाळून घेतलें तर मागच्याच्या वांट्याला काय उरणार? शेतकऱ्याच्या बांधाइतकाच हा बांध खरा आहे. फरक एवढाच कीं तो पाण्याखालीं असतो, आणि ज्याला तो दिसत नाहीं तो समुद्र मोकळा आहे असें समजतो.

आतां भरती-ओहोटीचा हिशेब. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असतें. मुंबईस त्या वेळीं पाणी १४-१५ फुटांपर्यंत चढतें व तितक्याच जोरानें उतरतें. अष्टमीच्या आगेंमागें भांग असतो; त्या दिवसांत चढउतार थोडा आणि प्रवाह मंद. डोल प्रवाहावर जगते, म्हणून उधाणाचे दिवस कमाईचे आणि भांगाचे दिवस जाळीं सांधण्याचे. या जाळ्याचा प्रदेश कोठें संपतो तेंही यावरूनच कळतें. उत्तरेकडे गुजराथच्या जाफराबादपर्यंत भरतीला जोर आहे, म्हणून तेथें डोल आहे. दक्षिणेकडे मालवणच्या बाजूला चढउतार कमी होतो. तेथें डोल दिसत नाहीं, तेथील किनाऱ्यावर रापण ओढली जाते.

पूर्ण भरतीची वेळ काढण्याची कोंकणी रीत जुन्या शाळेंत पाउणकीचा पाढा घोकलेल्या माणसाला मोठी गोड वाटेल. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. दिवसा एकदां व रात्रीं एकदां. गणिताच्या कसोटीला ही रीत थोडी उणी उतरते. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढें सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटें. पाऊण तासाच्या हिशेबानें दर तिथीला तीन मिनिटें कमी धरलीं जातात आणि पंधरा तिथींत पाऊण तासाची चूक सांचते. खरा गुणक पाऊण नव्हे, पांचांत चार. परंतु पाऊणपट तोंडानें झटकन् होते. शिवाय चूक होते ती सोयीच्या बाजूनें होते. माणूस किनाऱ्यावर थोडा आधीं पोहोंचतो, उशिरा नव्हे; आणि डोलीच्या धंद्यांत उशिराला क्षमा नाहीं.

याचें कारण असें. भरती पूर्ण झाल्यावर आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर पाणी थोडा वेळ थबकतें. जाळें लावावयाचें तें या थबकीच्या वेळीं, आणि काढावयाचें तेंही पुढच्या थबकीच्या वेळीं. मधले सुमारें सहा तास जाळें आपलें काम करीत असतें. वाहत्या पाण्यांत ताणलेली डोल होडींतील माणसांना उचलतां येत नाहीं. वेळ चुकली आणि प्रवाह उलटला तर खोळींतील मासळी तोंडावाटे बाहेर जाण्याचें भय. म्हणून चतुर्थीच्या दिवशीं तीनच्या भरतीला लावलेलें जाळें रात्रीं नऊच्या सुमारास काढलें पाहिजे, मग घरीं लग्न असो वा पाहुणे असोत. दुसऱ्या दिवशीं हीच वेळ पाऊण तासानें पुढें जाते. कोळीवाड्यांतील जेवण, झोंप, पोरांचें अंघोळपाणी हीं सर्व याप्रमाणें चंद्राच्या मागें मागें सरकत असतात. गिरण्यांच्या भोंग्यांवर मुंबई जागी होत असे त्या काळींही वेसाव्याचें घड्याळ निराळेंच होतें.

होडीवर तांडेलाचा शब्द चालतो. होडीचा मालक तो नाखवा. पुष्कळदां तांडेल आणि नाखवा एकच. किनाऱ्याच्या खुणा, रात्रीं तारे, पाण्याचा रंग आणि दोराला बसणारा ताण यांवरून आपली कव शोधणें हें तांडेलाचें काम होतें. आतां उपग्रहाच्या साहाय्यानें ठिकाण दाखविणारीं यंत्रें होडीवर आलीं आहेत. खर्च वजा जातां उत्पन्नाचे वांटे पडत, त्यांत होडीचा आणि जाळ्याचा वांटा निराळा धरला जाई. आज अनेक होड्यांवर पगारी खलाशी असतात. पालघरकडील आदिवासी असतात, दूरच्या प्रांतांतून आलेलेही असतात, आणि कोळ्याचा मुलगा कचेरींत असतो. जाळीं पूर्वीं सणाच्या सुताचीं असत. तीं कुजूं नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यांत बुडवून काढावीं लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नायलॉन आलें आणि हा काढा उकळण्याचा खटाटोप संपला.

इथपर्यंत पुरुषांचें काम झालें, आणि डोलीचें वर्णन करणारे बहुतेक लेखक येथेंच थांबतात. वस्तुतः जवळ्याच्या बाबतींत निम्मी हकीकत येथून पुढें सुरू होते. खोळ उघडली म्हणजे जें बाहेर पडतें तें नुसता जवळा नसतो. बोंबील, मांदेली, करंदी, अंबाड, एखादी वाकटी, खेकडे, चिखल, असा तो काला असतो. होडी किनाऱ्याला लागली कीं हा काला बायकांच्या ताब्यांत जातो. समुद्रांत असेपर्यंत मासळी पुरुषाची, वाळूवर आल्यावर बाईची, हा कोळी समाजाचा अलिखित कायदा होय. ती निवडते, ती वाळविते, ती विकते, आणि पैसा तिच्या ओच्यांत येतो. नाखव्याला डिझेलसाठीं रक्कम लागली तर तोही तिच्याकडेच मागतो. सुधारलेल्या शहरी घरांत स्त्रियांच्या आर्थिक स्वातंत्र्यावर भाषणें होऊं लागलीं त्याच्या किती तरी आधीं ही व्यवस्था कोळीवाड्यांत बिनबोभाट चालू होती.

निवडण्याच्या कामाला वेग लागतो, कारण जवळा फार नाजूक. पाण्याबाहेर आल्यावर त्याच्या पोटांतील पाचक रसच त्याचें अंग विरघळवूं लागतात. कांहीं तासांत पारदर्शकपणा जाऊन तो मऊ पडतो आणि मग काळा. ताज्या जवळ्याला म्हणूनच गिऱ्हाईक थोडें आणि किनाऱ्यालगतचें. बाकीचा त्याच दिवशीं उन्हांत पसरला पाहिजे. बोंबील दोन-दोन जबड्यांत जबडे अडकवून वलांडीवर टांगतां येतात. तेथें थोड्या जागेंत पुष्कळ माल मावतो. जवळा टांगतां येत नाहीं. तो जमिनीवरच पसरावा लागतो, आणि तोही पातळ, एकेरी थरांत. थर जाड झाला कीं वरचा सुकतो आणि खालचा आंबतो. मधून मधून तो परतावा लागतो, कावळे हांकावे लागतात, कुत्रीं हांकावीं लागतात. आणि आभाळ भरून आलें तर हातचें सर्व टाकून तो गोळा करावा लागतो. ओल्या जवळ्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी असतें. चार टोपल्या पसराव्यात तेव्हां संध्याकाळीं जेमतेम एका टोपलीचें वजन हातीं लागतें.

सुक्या जवळ्यांत वाळू कचकचते अशी शहरांतील गृहिणींची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. परंतु वाळू कोळीण मुद्दाम घालते हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र रास्त नाहीं. उघड्या पुळणीवर वाळविलेला जवळा झाडून गोळा करतांना वाळू येणारच. सारवलेल्या जमिनीवर, सिमेंटच्या ओट्यावर किंवा अंथरलेल्या जाळ्यावर वाळविलेला जवळा स्वच्छ असतो आणि त्याला भावही अधिक येतो. पण त्यासाठीं तसा ओटा पाहिजे. चांगला सुका जवळा फिकट गुलाबी दिसतो, मुठींत धरला तर खुळखुळतो, आणि त्याचा वास उग्र असला तरी नाकाला झोंबत नाहीं. झोंबला तर तो वाळण्यापूर्वींच नासला होता असें समजावें.

वाळलेला माल मुंबईंत मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारांत जातो. तेथें वेसावें, मढ, उत्तन, वसई अशा गांवांच्या बायका घाऊक व्यवहार करतात. तेथून तो घाटावरच्या आठवड्यांच्या बाजारांपर्यंत पोहोंचतो. समुद्र ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं अशा डोंगरांतल्या घरांना पावसाळ्यांत मांसवर्धक अन्न पुरविणारी ही सर्वांत स्वस्त मासळी. खालच्या प्रतीचा जवळा कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यांत जातो.

सणवारांचें चक्रही याच कामाशीं जोडलेलें आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नवा हंगाम उघडावयाचा, शिमग्याला होडी सजवावयाची, चैत्रांत कार्ल्याच्या एकवीरेला जावयाचें. उत्तन, मनोरी, गोराईकडील ख्रिस्ती कोळी धर्मगुरूंकडून होड्यांना आशीर्वाद घेतात. धर्म निराळा, पण भरतीचा हिशेब तोच. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रांत न जाण्याची जुनी चाल खवळलेल्या पाण्याच्या भयानें पडलेली असो वा अनुभवानें, तिच्यामुळें मासळीला वाढीस उसंत मिळे. हल्लीं सरकारी बंदी १ जूनपासून साधारण दोन महिने असते.

या व्यवस्थेला धक्के बसूं लागले ते १९५० नंतरच्या दशकांत. होड्यांना यंत्रें आलीं, बर्फ आला, आणि गोठविलेल्या कोलंबीला परदेशांत भाव मिळूं लागला. त्या भावाच्या मागें समुद्राचा तळ खरवडीत जाणारीं मोठीं जाळीं आलीं. उभें राहून वाट पाहणारें जाळें आणि धांवत जाऊन ओरबाडणारें जाळें एकाच पाण्यांत आलीं म्हणजे काय होणार हें सांगावयास नको. खुंट मोडले, दोर तुटले, भांडणें झालीं. महाराष्ट्रानें १९८१ सालीं सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला, तरी कज्जे संपले नाहींत. डोलकरांच्या हातूनही चुका झालेल्या आहेत हें येथें सांगितलें पाहिजे. मासळी कमी होऊं लागली तेव्हां वसई-उत्तनकडील कवी उत्तरेकडे सरकत गेल्या आणि पालघर-डहाणूकडील, तरत्या जाळ्यांनीं पापलेट धरणाऱ्या मच्छीमारांशीं त्यांचा हद्दीचा वाद जुंपला. शिवाय डोलीची बारीक खोळ जवळ्याबरोबर इतर मासळीचीं पिलेंही गाळून घेते. डोळे मोठे करावेत तर जवळाच जातो. हा पेंच खरोखरच अवघड आहे.

डोल म्हणजे अखेर एक गाळणी. शहर जें समुद्रांत टाकतें तें ती दर ओहोटीला गाळून परत आणते. आज खोळ उघडली कीं जवळ्याच्या आधीं प्लॅस्टिकच्या पिशव्या हातीं लागतात, आणि निवडणाऱ्या बाईचा पहिला तास त्यांतच जातो. त्या तासाची मजुरी कोणी देत नाहीं. आणि तेवढ्या वेळांत खालचा जवळा मऊ पडत असतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण पाण्यांत नाहीं, जमिनीवर आहे. वाळवणाची जागा पाहणाऱ्याला रिकामी दिसते. पावसाळ्यांत ती रिकामी असते. भांगाच्या दिवसांतही थोडीफार असते. मुंबईसारख्या शहरांत रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीकडे फार डोळे लागतात. तेथें मोटारी उभ्या राहतात, भिंती येतात, रस्ते आंखले जातात. केंद्र सरकारच्या २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेंत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख होऊन त्यांचे नकाशे करावेत असें सांगितलें गेलें. पण सीमा कोठून धरावी, घरांपुरती कीं वाळवणाच्या जागेसकट, हाच पुढें वादाचा विषय झाला. वाळवणाची जागा गेली तर बोंबीलवाला चार बांबू उंच करील. ताजें पापलेट तर थेट बर्फांत जाईल. जवळ्याला पसरावयास जमीनच पाहिजे. ती नसेल तर खोळींतला जवळा कितीही भरघोस असो, तो खतांत किंवा खाद्याच्या कारखान्यांत कवडीमोलानें जाईल, आणि जिच्या हातांत त्याचा पैसा येत होता ती बाई दुसऱ्याच्या धक्क्यावर रोजंदारीनें कोलंबी सोलावयास बसेल. कित्येकजणी बसल्याही आहेत.

हवामानाचा भरंवसाही पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. मे महिना हा जवळा वाळविण्याचा हुकमी महिना. पण २०२१ सालीं मेच्या मध्याला तौक्ते वादळ आलें आणि या किनाऱ्यावर होड्या व जाळीं यांची मोठी हानि झाली. एखाद्या सायंकाळची अवकाळी सरसुद्धां दिवसभराचें वाळवण घालविण्यास पुरेशी होते.

तरीही वैशाखाच्या अखेरीस वेसावें, मढ किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर सकाळीं लवकर गेल्यास शिल्लक राहिलेल्या ओट्यांवर गुलाबी थर पसरलेले दिसतात. बंदी लागण्यापूर्वींचीं हीं शेवटचीं वाळवणें. बायका ओणव्यानें थर परतीत असतात. एखादी म्हातारी काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवते. दुपारीं व्यापारी पोतीं आणि वजनकांटा घेऊन येणार असतो. तत्पूर्वीं घरच्या पावसाळ्याच्या बेगमीचा जवळा चाळून, निवडून डब्यांत भरला जातो, आणि लग्न होऊन दुसऱ्या गांवीं गेलेल्या लेकीसाठीं एक पुडी निराळी बांधली जाते.